दोन मात्रांची जागा

दिवाकर पागेचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे. दिवाकरने चौतीस वर्षं इंदूरच्या तुकोगंजातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावले. "सात नंबर, आत जा. आठ नंबर, ड्रॉप टाकले का?" हेच त्याचं दिवसभराचं बोलणं. "तलवारीवरून ड्रॉपवर आलात रे तुम्ही पागे," असं मी त्याला चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "नंद्या, घोडे लाथ मारतात. पेशंट फक्त कटकट करतात."

हा त्याचा स्वभाव. माझा नेमका उलटा. मी नंदू, बँकेतून रिटायर झालेला, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी मंडळाचा पंचवीस वर्षांचा सेक्रेटरी, आणि मंडळाच्या मुलांसाठी नाटकं लिहिणारा एकमेव लेखक. एकमेव अशासाठी, की दुसरं कोणी लिहायला तयार होत नाही. मला राग पटकन येतो आणि उतरायला वेळ लागतो. दिवाकरला चिडलेला मी कधी पाहिला नाही, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग यायचा. तो एकदा जरी माझ्याशी भांडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

दर मे महिन्यात मंडळात मुलांचं शिबिर असतं. आयांना सुट्टीत मुलं कुठेतरी अडकवायची असतात, आजी-आजोबांना वाटतं नातवंडांनी चार मराठी शब्द शिकावेत, आणि मुलांना एसी हवा असतो, जो आमच्याकडे नाही. दोन कूलर आहेत आणि एक माठ. शेवटच्या रविवारी नाटक होतं. दिवाकर दवाखान्यातून सुटला की स्कूटरवरून थेट यायचा, सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि पेटीचा भाता सोडायचा. एखादं मूल बेसूर गायलं तर त्याला तो आपल्या शेजारी बसवून घ्यायचा आणि म्हणायचा, "तू माझ्याबरोबर गा हां, मला एकट्याला भीती वाटते." आठवड्याभरात ते मूल सुरात यायचं.

दोन हजार तीन साली मी 'सुमीची शिडी' लिहिलं. सुमीची आई नर्स असते, रात्रपाळी करते, आणि तिच्या परतीच्या वाटेवर अंधार असतो. सुमी ठरवते की शिडी लावून चांदोबाकडे जायचं आणि त्याला सांगायचं, माझ्या आईच्या वाटेवर जरा जास्त उजेड पाड. एवढीच गोष्ट. सात पायऱ्यांची शिडी, सुमी गात गात चढते, वर पोचते, पडदा. शब्द माझे, चाल दिवाकरची. ती चाल लागल्यावर माझेच शब्द मला बरे वाटायला लागले, हे मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही.

सुमीच्या कामासाठी ज्या मुली पुढे आल्या त्यांत दिवाकरची अनु होती. अनुश्री. दहा वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. आवाज नुकत्याच घासलेल्या पितळी भांड्यासारखा लख्ख. पण जन्मापासून तिच्या हृदयात दोष होता. डॉक्टर म्हणाले होते, बारा वर्षांची होऊ दे, मग ऑपरेशन करू; तोवर पळायचं नाही, जिना हळू चढायचा. मंडळात ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

दिवाकरची बायको, प्रमोदिनीवहिनी, सरळ नाही म्हणाल्या. मी त्यांच्या घरी पोहे पुढ्यात घेऊन बसलो होतो. "भाऊजी, तुम्हाला नाटक पाहिजे. मला माझी पोरगी पाहिजे. बस, बात खतम." एवढं बोलून त्यांनी माझ्या पोह्यांवर शेव घातली. दाराआड अनु उभी होती, तिची एक वेणी दिसत होती. आणि ज्याने बायकोचा शब्द कधी मोडला नव्हता तो दिवाकर म्हणाला, "अगं, ती पळत नाही, खेळत नाही, पिकनिकला जात नाही. गाऊ तर दे तिला."

मग मी नाटक बदललं. सुमी शिडी चढणार नाही, खालच्या पायरीवर बसून गाईल, आणि शेवटी चांदोबाच तिच्यासाठी खाली येईल. पुठ्ठ्याचा चंद्र केला, त्याला चंदेरी कागद लावला, आढ्याला कप्पी टांगली. खरं सांगतो, मनातून मला हा बदल आवडला नव्हता. माझी सात पायऱ्यांची शिडी फुकट गेली म्हणून मी चार दिवस घुश्शात होतो. माणूस किती हलका असू शकतो, त्याचा हा नमुना.

गाणं असं होतं:

एक पायरी वाऱ्याची,
एक पायरी ताऱ्याची,
आणि शेवटची पायरी
आईच्या पदराची.

'शेवटची पायरी' म्हणता म्हणता अनुचा दम संपायचा. ओठ निळसर पडायचे, आणि "थांब" म्हटलं की ती चिडायची. दिवाकरने काय केलं, तर तिथे दोन मात्रा मोकळ्या सोडल्या. सूर नाही, ठेका नाही, फक्त पेटीचा भाता हलायचा. पेटी जुनी, भात्यातून हवा गळायची, त्यामुळे पेटीनेच श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. तेवढ्यात अनु छाती भरून घ्यायची आणि 'आईच्या पदराची' स्वच्छ म्हणायची.

आमचा तबलजी संजीव वैतागला. "भिया, केरव्यात आठ मात्रा असतात. ह्या दोन कुठून आणल्या? माझी सम हरवते ना यार!" दिवाकर नुसता हसला. त्या संध्याकाळी अनुने आम्हा दोघांना माठामागे नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "बाबा, नंदूकाका, कोणाला नका सांगू की ते माझ्यासाठी आहे. सगळे मग मला बेचारी-बेचारी करतात. प्रॉमिस?"

"मग विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं.

तिने क्षणभर विचार केला. "सांगा की चांदोबाला खाली यायला टाइम लागतो."

आम्ही दोघांनी तिच्या तळहातावर हात ठेवून प्रॉमिस केलं. दुसऱ्या दिवशी मी संजीवला सांगितलं की चंद्र खाली येईपर्यंत दोन मात्रा थांबावंच लागेल, कप्पी अडकते. त्याला ते पटलं. मुलांना पटलं. सगळ्या मंडळाला पटलं.

प्रयोगाच्या दिवशी प्रमोदिनीवहिनी विंगेत उभ्या होत्या. मुठीत गोळ्या, काखेत पाण्याची बाटली, आणि पाठ स्टेजकडे. "मला बघवणार नाही," म्हणाल्या. पूर्ण प्रयोगभर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अनु गायली. 'शेवटची पायरी' म्हणून थांबली, आणि अख्खं सभागृह तिच्याबरोबर थांबलं. चंद्र हळूहळू खाली आला. मग 'आईच्या पदराची'. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दोन दिवसांनी एका दैनिकात छापून आलं की दिग्दर्शकाने गाण्यात साधलेला विराम विलक्षण आहे. दिग्दर्शक मीच होतो. ते कात्रण माझ्या फायलीत अजून आहे.

दीड वर्षाने मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सगळं केलं. अनु परत आली नाही. याच्यापुढे त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही.

नाटकाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. पण मंडळात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. दिवाकर मात्र पुढच्या मे महिन्यात स्कूटर लावून आत आला आणि सतरंजीवर बसला. मी त्याच्याकडे बघायला घाबरत होतो. त्याने भाता सोडला आणि विचारलं, "यंदा कोणतं?" मी काहीतरी दुसरं नाव घेतलं. तो म्हणाला, "सुमी करू या की."

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी आम्ही 'सुमीची शिडी' करत आलो. आठ सुम्या झाल्या. कोणाच्याच छातीत काही दोष नव्हता, एकीची फुप्फुसं तर अशी की हाक मारली तर राजवाड्यापर्यंत ऐकू जावी. पण प्रत्येक जण 'शेवटची पायरी' म्हणून थांबायची, कारण गाणं ऐकून ऐकून शिकायचं असतं आणि दिवाकरकाका तिथे थांबायचे. त्या दोन मात्रांत दिवाकर डोळे मिटायचा आणि फक्त डाव्या हाताने भाता हलवायचा. बाकीच्यांना वाटायचं काका रंगलेत. मला ठाऊक होतं की तेवढ्या वेळापुरती त्याची मुलगी श्वास घेत असायची. फोटो, फ्रॉक, वह्या हे सगळं वहिनींच्या कपाटात होतं. दिवाकरच्या वाट्याला ती जागा आली होती, आणि ती जाऊ नये एवढंच त्याचं जगाकडे मागणं होतं. ते त्याने कधी तोंडाने मागितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी यशवर्धनचा फोन आला. अनुच्या वेळच्या नाटकात तो तारा झाला होता, डोक्याला पाच टोकांचा पुठ्ठा बांधून. आता पुण्यात पिक्चर करतो. त्याला 'सुमीची शिडी'चा मराठी सिनेमा करायचा होता, आई-वडील आणि मुलं मिळून बघतील असा, गाण्यांनी भरलेला. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून पहिलं काम काय केलं असेल, तर माळ्यावरून माझी मूळ संहिता काढली, जिच्यात सुमी सातही पायऱ्या चढते. ती कुरिअरने पाठवून दिली. वर चिठ्ठी लिहिली, की स्टेजवर काही अडचणींमुळे शेवट बदलावा लागला होता, लेखकाच्या मनातला शेवट हा आहे. अडचणी! मी अनुला अडचण म्हटलं, आणि लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नाही.

महिन्याभराने यशवर्धन इंदूरला आला, बरोबर अर्पित नावाचा संगीतकार. पोरगा गुणी, कानात एक बाळी, हातात लॅपटॉप. दिवाकरच्या घरी बैठक झाली. दिवाकरने पेटीवर गाणं वाजवून दाखवलं, अर्पितने ते रेकॉर्ड केलं, पुन्हा ऐकलं आणि मग भुवया चढवून म्हणाला, "काका, मेलडी कमाल आहे. पण एक बात विचारू? इथे हा दोन बीटचा गॅप का आहे? मतलब पूरा ऱ्हिदम तुटतोय."

दिवाकरने पेटीवरचा हात उचलला. तो माझ्याकडे बघत नव्हता, अर्पितकडेही नाही. पलीकडे स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला. आणि मी, वीस वर्षांच्या सवयीने, विचारसुद्धा न करता, जे संजीवला सांगितलं होतं तेच ठोकून दिलं. "अरे, ते चंद्रासाठी. पुठ्ठ्याचा चंद्र दोरीने खाली सोडायचो ना आम्ही. त्याला वेळ लागायचा."

"हो हो, आठवतंय मला!" यशवर्धन हसला. "कप्पी अडकायची!"

अर्पितही हसला. "मग प्रॉब्लेमच नाही. आपल्याकडे चंद्र कॉम्प्युटरवर होणार. आणि सुमी तर आता वर चढतेय. गॅप काढून टाकू, एकदम फ्लो येईल."

मी दिवाकरकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. त्याने एक शब्द बोलायचा होता, किंवा मी. तो म्हणाला, "हां, फ्लो येईल." मग त्याने भाता बंद करून पेटीला कुलूप घातलं. वहिनी चहा घेऊन आल्या, ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

त्या दिवसानंतर मी किती वेळा फोन हातात घेतला. 'यश, बेटा, एक गोष्ट सांगायची राहिली' असं टाइप केलं आणि पुसलं. माठामागे तळहातावर ठेवलेला हात आठवायचा. मेलेल्या मुलीला दिलेलं प्रॉमिस मोडायचं की जिवंत बापाची उरलीसुरली वस्तू जाऊ द्यायची, याचा निवाडा मला करता आला नाही. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही होती. ते कात्रण मी वीस वर्षं लोकांना दाखवत आलो होतो.

सिनेमा गेल्या डिसेंबरात लागला. मंडळाने मॉलमधल्या थिएटरात दुपारच्या शोच्या दोन रांगा घेतल्या. लिफ्टपाशी दिवाकर दिसला आणि त्याच्या शेजारी प्रमोदिनीवहिनी. हातात शाल, केस आता पूर्ण पांढरे. मी नुसता नमस्कार केला. त्याच म्हणाल्या, "चला भाऊजी. तेव्हा पाहिलं नव्हतं. आता तरी बघून घेते."

आम्ही तिघं शेजारी बसलो, वहिनी मध्ये. सुरुवातीचा अर्धा तास मी माझ्या बदललेल्या संवादांवर मनातल्या मनात दात खात होतो. सुमीच्या आईला त्यांनी स्कूटर दिली होती, शेजाऱ्याला विनोद दिले होते, आणि माझं चांगलं असं एक स्वगत कापून टाकलं होतं. पण चित्र छान होतं, हे कबूल करायला पाहिजे. मागच्या रांगेतल्या आया हसत होत्या, मुलं पॉपकॉर्न विसरून बघत होती. मग शिडी आली. सात पायऱ्यांची नाही, शेकडो पायऱ्यांची, गच्चीवरून निघून ढगांत गेलेली. सुमीने फ्रॉक सावरला आणि ती पळत सुटली. व्हायोलिनं उठली. गाणं सुरू झालं.

एक पायरी वाऱ्याची, एक पायरी ताऱ्याची. माझी नजर पडद्यावर टिकेना. दिवाकरचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं पेटी वाजवत होती. आणि शेवटची पायरी. त्याची बोटं उचलली गेली. डावा तळहात हवेत हळूच पुढे-मागे झाला, भाता हलवल्यासारखा. पडद्यावरचं गाणं तोवर निघून गेलं होतं. बोटं खाली आली तेव्हा त्यांना वाजवायला काही उरलं नव्हतं. त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकात एक गुंतवले.

तेव्हा मला शेजारून आवाज ऐकू आला. वहिनी गात होत्या. ओठांतल्या ओठांत, मला जेमतेम ऐकू येईल एवढंच. त्यांना हे गाणं येतं हेच मला माहीत नव्हतं, पण घरात महिनाभर तालीम चाललेली, भिंतीकडे तोंड करून ऐकलेलं, येणार नाही तर काय. 'शेवटची पायरी' म्हणून त्या थांबल्या होत्या. त्यांनी श्वास घेतला, अनु घ्यायची तसा, खांदे उचलून. मग म्हटलं, 'आईच्या पदराची'. सिनेमा पुढच्या कडव्यावर गेला होता. वहिनींनी घाई केली नाही. गाणं संपेपर्यंत त्या दोन मात्रा मागे राहून गात होत्या.

पडद्यावर सुमी शेवटच्या पायरीवर पोचली आणि तिने चंद्राला हात लावला. सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं.

"पोचली हो," वहिनी म्हणाल्या.

"हो," दिवाकर म्हणाला.

"एवढं पळाली, पण धाप नाही लागली तिला."

"नाही लागली."

शेवटी पाट्या आल्या, त्यांत 'मूळ संगीत: दिवाकर पागे' असं मोठ्या अक्षरांत होतं. मंडळाच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. संजीवने त्याला मिठी मारली. वहिनी हात धुवायला गेल्या तेव्हा मी दिवाकरला खांबाआड ओढलं आणि म्हटलं, "माझ्यामुळे गेली रे ती जागा. मी ते चंद्राचं बोललो नसतो तर त्यांनी ठेवली असती. आणि शिडीची संहितासुद्धा मीच पाठवली. मला दोन शिव्या दे, पण असा गप्प नको राहू."

तो मॉलच्या जाळीतून खाली बघत होता. "तू कशाला बोलतोस स्वतःला. अनुने जे सांगायला सांगितलं तेच तू सांगितलंस."

"पण तू तर बाप आहेस! तू का नाही बोललास?"

"तिने मला मोकळं कुठे केलंय त्या प्रॉमिसातून?" तो म्हणाला. "आणि आता कोण करणार?"

तेवढ्यात वहिनी आल्या. आम्ही तिघं खाली आलो आणि ई-रिक्षा केली.

यंदाच्या मे महिन्यात शिबिराला नेहमीपेक्षा दुप्पट मुलं आली, सगळी सिनेमा पाहिलेली. अर्थात नाटक 'सुमीची शिडी'च. मुलांना सगळी गाणी आधीच पाठ. सुमीसाठी शिखा नावाची मुलगी निवडली, नऊ वर्षांची, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा, एका जागी दोन मिनिटं उभी राहणार नाही. घरी हिंदीच बोलते, मराठी आजीपुरती. आवाज मोकळा. दिवाकर सतरंजीवर बसला, संजीवने तबला घेतला, मी वही घेऊन खुर्चीत. एक पायरी वाऱ्याची, एक पायरी ताऱ्याची, आणि शेवटची पायरी. दिवाकर थांबला. संजीव थांबला. शिखा थेट पुढे निघून गेली, आणि साथ येत नाही म्हणून वळून बघायला लागली.

"काका, तुम्ही रुकला का?"

"इथे थांबायचं असतं, बेटा."

"पण पिक्चरमध्ये तर कोणी नाही थांबत!"

मी खुर्चीतून पुढे झालो. तोंड उघडलंच होतं, पण चंद्राचं कारण पुन्हा माझ्या तोंडातून निघेना. दिवाकरने मला हाताने खाली बसवलं. मग त्या पोरीला त्याने सांगितलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा, कोणाचं नाव न घेता, "इथे दम घ्यायचा असतो. गाताना दम लागतो ना, म्हणून."

शिखाने छातीवर हात ठेवला, नीट तपासल्यासारखं केलं आणि मान हलवली. "मला तर नाही लागत दम. सच्ची. बघा तुम्ही." आणि तिने ते कडवं एका श्वासात म्हणून दाखवलं, मग परत पहिल्यापासून म्हटलं, वर हसली.

दिवाकर तिच्याकडे बघत राहिला. तिच्या ओठांकडे बघत होता, हे मला कळलं. ते गुलाबी होते.

"नाही लागत? खरंच?"

"नाही ना काका!"

"बरं आहे," तो म्हणाला. "फार बरं आहे. मग नको थांबू. सरळ म्हण."

संजीवने माझ्याकडे पाहिलं. दिवाकरने भाता ओढला आणि गाणं सरळ वाजवलं. त्या जागेवर तो थांबेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं, आणि माझाच श्वास अडकला होता. तो थांबला नाही. त्याने तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं, चारही वेळा सरळ. चौथ्या वेळी त्याच्या चष्म्याखालून पाणी पेटीवर पडलं. ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं आणि मुलांना सांगितलं, "चला, आता दुसरं गाणं."

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू होती आणि दारात प्रमोदिनीवहिनी उभ्या दिसल्या. बावीस वर्षांनी. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी एकदम उठलो, कारण ती मूठ मी ओळखत होतो. "काय झालं, वहिनी?"

"काही नाही भाऊजी. हे काल म्हणाले, एक पोरगी आहे, तिला दम लागत नाही. कोणती ती?"

मी शिखा दाखवली. वहिनींनी तिला जवळ बोलावलं आणि मूठ तिच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळायला लागल्या. मुठीत मीठ आणि मोहऱ्या होत्या. शिखाला गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. "आजी, हे काय करताय?"

"दृष्ट काढते. उभी राहा गं सरळ."

तीनदा ओवाळून त्या बाहेर गेल्या, मीठ-मोहऱ्या टाकून आल्या, आणि आम्हाला वाटलं आता निघतील. पण त्या विंगेत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा जिथे उभ्या होत्या तिथेच. या वेळी तोंड स्टेजकडे होतं. दिवाकरने बायकोकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि सूर धरला. शिखा गायली. शेवटच्या पायरीवरून गाणं सरळ पुढे गेलं, कुठे न अडता. वहिनी शेवटपर्यंत बघत होत्या. त्यांच्या मुठीत आता काहीच नव्हतं, तरी ती मिटलेलीच होती.